सतराने न भागता येणारी गंगाजळी : इटलीतील एका कामगार सहकारी संस्थेचे प्रकरण

पार्श्वभूमी

इटलीच्या एमिलिया-रोमान्या प्रांतात, बोलोन्याच्या आसपास, मालाचे वेष्टन करणारी यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांची दाट वस्ती आहे आणि त्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कार्यशाळा गावोगाव पसरलेल्या आहेत. हे प्रकरण अशाच एका कार्यशाळेचे आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, माणसे आणि आकडे बदलले आहेत. कायद्याच्या तरतुदी मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत, कारण सगळे प्रकरण त्यांच्याभोवतीच फिरते.

२०१३ साली मूळ खासगी कंपनी दिवाळखोरीत निघाली. ३८ कामगारांपैकी २२ जणांनी एकत्र येऊन सहकारी संस्था नोंदवली. भांडवलासाठी त्यांनी बेकारभत्त्याची पुढील महिन्यांची रक्कम एकदम उचलली. सहकारी संस्थेत सभासद होणाऱ्या कामगाराला ही मुभा इटालियन कायद्याने तेव्हाही दिली होती आणि आजच्या बेकारभत्त्याच्या योजनेतही ती आहे. प्रत्येकी १५ हजार युरो, म्हणजे एकूण ३ लाख ३० हजार युरो भागभांडवल जमले. त्याला जोड मिळाली ती १९८५ च्या ४९ क्रमांकाच्या कायद्याची. माजी उद्योगमंत्री जोव्हान्नी मार्कोरा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्यानुसार, बंद पडलेला कारखाना कामगार सहकारी तत्त्वावर चालवू पाहत असतील, तर सरकारी पाठबळ असलेली वित्तसंस्था त्यांच्या भांडवलाच्या बरोबरीने पैसा घालते. संस्थेने यंत्रसामग्री आधी भाड्याने घेतली आणि नंतर विकत घेतली. डिसेंबर २०१३ च्या एका वटहुकमाने दिवाळखोर कंपनीच्या कामगारांच्या सहकारी संस्थेला अशा भाडेपट्ट्यात आणि विक्रीत अग्रहक्क दिला होता, तो इथे नेमका वेळेवर उपयोगी पडला.

इथे कायद्याची चौकट थोडी सविस्तर सांगणे भाग आहे. इटलीच्या संविधानाचे ४५ वे कलम, परस्परसाहाय्याच्या स्वरूपाच्या आणि खासगी नफेखोरीचा हेतू नसलेल्या सहकाराचे सामाजिक कार्य मान्य करते. तपशील आहेत ते दिवाणी संहितेत. २००३ साली तिच्यात मोठी सुधारणा झाली आणि १ जानेवारी २००४ पासून सहकारी संस्थांचे दोन वर्ग पडले. पहिल्या वर्गाला आपण ‘सभासदप्रधान’ संस्था म्हणू. म्हणजे जिचा व्यवहार मुख्यत्वे सभासदांशीच चालतो अशी. उरलेल्या सगळ्या दुसऱ्या वर्गात. महत्त्वाच्या करसवलती पहिल्या वर्गासाठी राखलेल्या आहेत. वर्ग ठरवण्याची कसोटी कलम २५१३ मध्ये आहे आणि ती निव्वळ अंकगणिती आहे: ग्राहक संस्थेत निम्म्याहून अधिक विक्री सभासदांना व्हायला हवी, कामगार संस्थेत श्रमावरील एकूण खर्चापैकी निम्म्याहून अधिक खर्च सभासदांच्या श्रमावर व्हायला हवा.

दुसरी अट पोटनियमांची. कलम २५१४ नुसार सभासदप्रधान संस्थेने चार गोष्टी पोटनियमांत लिहूनच ठेवाव्या लागतात. भरलेल्या भांडवलावरचा लाभांश टपाल बचतपत्रांच्या कमाल व्याजदरापेक्षा अडीच टक्क्यांहून जास्त देता येत नाही. सभासदांना दिलेल्या रोख्यांवरचा परतावा त्या मर्यादेच्याही वर फार तर दोन टक्के. राखीव निधी सभासदांत वाटायचा नाही. आणि संस्था गुंडाळली, तर भांडवल व देय लाभांश परत करून उरलेली सगळी मालमत्ता परस्परसाहाय्य निधीला द्यायची. (हा निधी म्हणजे आपल्याकडच्या गुंतवणुकीचा म्युच्युअल फंड नव्हे. नव्या सहकारी संस्था उभ्या करण्यासाठी १९९२ च्या कायद्याने निर्माण झालेला हा निधी आहे आणि प्रत्येक सहकारी संस्था दरवर्षी आपल्या नफ्याचे ३ टक्के त्यात भरते.) यांतल्या मूळ कल्पना १९४७ च्या बाझेव्ही कायद्याइतक्या जुन्या आहेत. शिवाय दरवर्षी किमान ३० टक्के नफा कायदेशीर गंगाजळीत जातो. महाराष्ट्राच्या १९६० च्या अधिनियमातही किमान चतुर्थांश नफा राखीव निधीत टाकण्याची सक्ती असल्याने ही भाषा आपल्या वाचकाला परकी वाटणार नाही.

समस्या

पहिली सहा वर्षे संस्था सावधपणे चालली. मग मागणी वाढली आणि संचालक मंडळाने माणसे नेमायला सुरुवात केली. ती सगळी पगारी नोकर म्हणून आली. त्यांना सभासद करण्याचा विचार मागे पडला आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. १५ हजार युरो भरण्याची ऐपत पंचविशीतल्या यंत्रचालकाकडे नव्हती आणि विचारायलाही कोणी गेले नाही. दरम्यान सहा संस्थापक निवृत्त झाले आणि एकच नवा सभासद आला. २०२३ उजाडले तेव्हा संस्थेत १७ सभासद आणि २४ बिगर-सभासद कामगार होते.

२०२१ मध्ये सभासदांच्या श्रमखर्चाचे प्रमाण ५२.६ टक्के होते. २०२२ मध्ये ते ४७.८ वर आले. ही गोष्ट लपवलेली नव्हती. कायद्याप्रमाणे हे प्रमाण ताळेबंदाच्या टिपांत नोंदवावेच लागते आणि तसे ते नोंदवलेही होते. एप्रिलच्या वार्षिक सभेत तो ताळेबंद हात वर करून एकमताने मंजूर झाला. अकराव्या पानावरची ती टीप कोणी वाचली नव्हती. मे महिन्यात संस्थेच्या मध्यवर्ती संघटनेचा तपासनीस आला (२००२ च्या कायद्यानुसार संघटनांशी संलग्न संस्थांची दर दोन वर्षांनी अशी तपासणी होते, असंलग्न संस्थांची मंत्रालय करते), तेव्हा त्याने त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढून अध्यक्षांपुढे ताळेबंद सरकवला.

कलम २५४५-ऑक्तिएस सांगते की सलग दोन आर्थिक वर्षे ही कसोटी चुकली, तर संस्था सभासदप्रधान राहत नाही. एक वर्ष चुकले होते. २०२३ चा अंदाज काढला: एकूण श्रमखर्च १६ लाख २० हजार युरो, त्यांत सभासदांचा ७ लाख ३१ हजार. प्रमाण ४५.१ टक्के.

नेमक्या त्याच आठवड्यात संस्थेच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाने कार्यशाळा विकत घेण्याचा प्रस्ताव दिला.

तोललेले पर्याय

जूनच्या पहिल्या बैठकीचे वर्णन सांगण्याजोगे आहे, कारण प्रकरणाची खरी गाठ तिथेच होती. बैठक कार्यशाळेच्या उपाहारगृहात, दुसरी पाळी सुटल्यावर झाली. ताळेबंदात गंगाजळी २४ लाख युरोंची होती. कोणीतरी कॉफीयंत्राजवळच्या मागणीपत्रकाच्या पाठीवर भागाकार केला आणि कागद हातोहात फिरला: २४ लाख भागिले १७, प्रत्येकी १ लाख ४१ हजार. निवृत्तीला तीन वर्षे उरलेल्या एका लेथ-कामगाराने तो कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. पुढचे तीन महिने तो आकडा त्या खिशातून पुन्हा पुन्हा बाहेर आला.

भागाकार बरोबर होता, पण भाज्यच सभासदांच्या मालकीचे नव्हते. सभासदप्रधान संस्थेला खासगी कंपनीत रूपांतर करण्याचा अधिकारच नाही. तो वर्ग गमावला, तर रूपांतर करता येते. सभासद ५० पेक्षा कमी असतील तर त्यासाठी एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांशांची संमती लागते, म्हणजे इथे १२ मते. पण तेव्हाही भरलेले व महागाईनुसार वाढवलेले भांडवल आणि न दिलेला लाभांश वजा करून उरलेली मालमत्ता, तिच्या त्या दिवशीच्या खऱ्या किमतीला, परस्परसाहाय्य निधीला द्यावी लागते. नव्या कंपनीला लागणाऱ्या किमान भांडवलापुरती काय ती सूट. किंमत ठरवतो न्यायालयाने नेमलेला तज्ज्ञ, शपथेवर. यंत्रसामग्री विकून संस्था गुंडाळली तरी वाट तिथेच जाऊन मिळते. विक्रीचा पैसा संस्थेचा आणि संस्था संपली की निधीचा. म्हणजे विक्री झाली असती, तर प्रत्येकाच्या हाती आले असते ते आपले १५ हजार आणि वर थोडी वाढ.

दुसरा पर्याय काही न करण्याचा होता. सभासदप्रधान दर्जा गेला तरी संस्था सहकारीच राहते, एक सभासद एक मत हे तत्त्वही राहते. पण करसवलती बऱ्याच आटतात, आणि त्यानंतर कलम २५१४ च्या अटी पोटनियमांतून बदलायच्या असतील किंवा संस्थेने वित्तीय रोखे काढलेले असतील, तर जमलेल्या अविभाज्य गंगाजळीचे मूल्य निश्चित करण्यासाठी खास ताळेबंद मांडावा लागतो, म्हणजे तोवरचा साठा गोठवूनच पुढे जावे लागते. तरुण हिशेबनीस या पर्यायाच्या बाजूने होती. तिचे म्हणणे असे की सवलत गमावून बाजारातली मोकळीक मिळत असेल तर तो सौदा वाईट नाही. माझ्या मते ती चुकत होती. त्या मोकळिकीचा वापर संस्थेला नेमका कशासाठी करायचा आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

तिसरा पर्याय सल्लागाराने सुचवला. बिगर-सभासदांचे काही काम बाहेरच्या ठेकेदाराकडे द्यावे, म्हणजे तो खर्च श्रमखर्चाच्या सदरातून उठून सेवांच्या सदरात जाईल आणि टक्केवारी आपोआप सुधारेल. कागदावर हे जमले असते. पण तीच माणसे, त्याच यंत्रांवर, त्याच पाळीत आणि फक्त वेगळ्या मालकाच्या नावाने राबणार, हे तपासनिसाच्या नजरेतून सुटले नसते. शिवाय ज्या २४ जणांच्या बळावर संस्था वाढली त्यांना बाहेर ढकलून सहकाराचा दर्जा राखायचा, यातली विसंगती खुद्द अध्यक्षांनाही बोचली.

चौथा पर्याय म्हणजे सभासद वाढवणे. तो पहिल्या दिवशी कोणाला का सुचला नाही, याचे उत्तर पैशांत आहे. संस्थापकांची मागणी होती की नव्यांनी आमच्याइतकेच १५ हजार भरावेत आणि वर ५ हजारांचे अधिमूल्यही द्यावे, कारण आयत्या गंगाजळीवर ते येऊन बसणार आहेत. अधिमूल्य कायद्याला मंजूर आहे. वार्षिक सभेने संचालकांच्या प्रस्तावावरून ते ठरवावे असे कलम २५२८ म्हणते. तरीही युक्तिवाद लंगडा होता. जी गंगाजळी जुन्या सभासदाला घरी नेता येत नाही, तिच्यातला वाटा तो नव्याला विकणार तरी कसा?

निर्णय आणि कृती

जूनमध्ये नऊ विरुद्ध आठ मतांनी असे ठरले की ग्राहकाच्या प्रस्तावाचा तपशील येईपर्यंत थांबावे. हा पहिला निर्णायक क्षण होता आणि तो हुकला. प्रमाण वर्षाचे मोजले जाते, आणि नव्या सभासदाचा श्रमखर्च सभासदांच्या बाजूला धरला जातो तो त्याच्या प्रवेशाच्या दिवसापासून. अकरा जण सभासद व्हायला तयार होते. त्यांचा वार्षिक श्रमखर्च ४ लाख ७ हजार युरो होता. १ जुलैला प्रवेश दिला असता, तर वर्षअखेरचे प्रमाण ५७.७ टक्के झाले असते. १ ऑक्टोबरला दिला तर ५१.४, १ नोव्हेंबरला ४९.३. हा तक्ता हिशेबनीसाने जुलैत करून भिंतीवर लावला. स्वतः दुसऱ्या पर्यायाची असूनही तिने तो लावला, हे तिच्या पदरी पुण्य म्हणून नोंदवायला हवे. वादाचा रोख त्या दिवसापासून बदलला.

दुसरी अडचण पोटनियमांची निघाली. दिवाणी संहितेचे २५२७ वे कलम ‘विशेष सभासद’ असा वर्ग काढण्याची परवानगी देते: प्रशिक्षणासाठी किंवा संस्थेत रुळण्यासाठी नव्या सभासदाला जास्तीत जास्त पाच वर्षे या वर्गात ठेवता येते आणि असे सभासद एकूण सहकारी सभासदांच्या एक-तृतीयांशाहून जास्त असून चालत नाही. त्यांचे हक्क व कर्तव्ये मात्र पोटनियमांत लिहिलेली हवीत. २०१३ साली घाईने उचललेल्या नमुना पोटनियमांत हे कलमच नव्हते. म्हणजे विशेष सर्वसाधारण सभा, नोटरीची उपस्थिती, मग उद्योग-नोंदवहीत नोंद, आणि नोंद होईपर्यंत बदल लागू नाही. ऑगस्टात इटली बंद असते, हे ज्याने तिथे काम केले आहे त्याला सांगायला नको. नोटरीची तारीख मिळाली ती सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली.

त्या सभेआधी संघटनेच्या वकिलाने एक संध्याकाळ फक्त जुन्या सभासदांबरोबर घालवली. त्याने कलमे वाचून दाखवली नाहीत. २०१३ साली संस्थेला जो पैसा मिळाला होता, त्यात परस्परसाहाय्य निधीचाही हिस्सा होता; तो निधी कुठून भरला गेला होता, एवढेच त्याने विचारले. दुसऱ्या संस्थांच्या ३ टक्क्यांतून आणि गुंडाळलेल्या संस्थांच्या उरलेल्या मालमत्तेतून, हे उत्तर सभासदांनीच दिले. लेथ-कामगार गप्प बसला नाही. तो म्हणाला, “ते खरं आहे, पण दहा वर्षं शनिवारी मीच आलो, निधी नाही आला.” या वाक्याला वकिलाकडे उत्तर नव्हते, आणि मला वाटते ते कायद्याकडेही पुरते नाही. कायद्याने दिलेली वाट आहे ती रिस्तोर्नोची, म्हणजे सभासदाने संस्थेशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात वर्षअखेरीस मिळणाऱ्या परताव्याची. २००१ च्या १४२ क्रमांकाच्या कायद्यानुसार कामगार-सभासदाला तो वेतनाच्या ३० टक्क्यांपर्यंत देता येतो. या संस्थेने दहा वर्षांत तो फक्त दोनदा दिला होता. बाकी सगळा नफा सावधगिरीने गंगाजळीत टाकला होता. हौसेने भरलेली तिजोरी उघडता येत नाही हे कळल्यावर जी चिडचीड होते, ती त्या खोलीत होती.

सप्टेंबरच्या सभेला १६ सभासद हजर होते. १३ विरुद्ध ३ मतांनी पोटनियम बदलले. अधिमूल्य रद्द झाले. नव्या सभासदाचे भांडवल १५ हजारच राहिले, पण प्रवेशाच्या वेळी दीड हजार आणि बाकीचे पाच वर्षांत, काही पगारातून हप्त्याने आणि काही रिस्तोर्नो भागभांडवलात वळवून, असे ठरले. प्रत्येक अर्जावर संचालक मंडळाने ठराव केला. अर्ज नाकारायचा झाल्यास ६० दिवसांत कारण कळवावे लागते आणि अर्जदाराला सर्वसाधारण सभेकडे दाद मागता येते, तशी वेळ आली नाही. शेवटच्या क्षणी एका वेल्डरने माघार घेतली. घराच्या कर्जाच्या जोडीला आणखी एक हप्ता त्याला नको होता. तीन जण पूर्ण सभासद आणि सात जण विशेष सभासद म्हणून १ ऑक्टोबर २०२३ पासून दाखल झाले.

निष्पत्ती

२०२३ चे प्रमाण ५०.८ टक्के भरले. आणखी दोघांनी माघार घेतली असती, तर काठ सुटला असता. दर्जा टिकला आणि ग्राहकाने प्रस्ताव मागे घेतला. पण व्यवहार तोडला नाही. त्याला वेळेवर सुटे भाग हवे होते, ते मिळत राहिले.

सगळे गोड झाले नाही. विरोधी मते देणाऱ्या तिघांपैकी दोघांनी पुढच्या वर्षी सभासदत्व सोडले. कायद्याप्रमाणे त्यांचे भांडवल, थोड्या वाढीसह, ताळेबंद मंजूर झाल्यापासून १८० दिवसांत परत करण्यात आले. त्यांपैकी एक होता तो लेथ-कामगार. दुसरीकडे, सभासद न झालेल्या १४ जणांना वाटू लागले की आपण आता खालच्या पायरीवर आहोत. वेतन तेच होते, कारण सभासदालाही राष्ट्रीय वेतनकरारापेक्षा कमी देता येत नाही. तफावत होती ती मताची आणि रिस्तोर्नोची. पहिला रिस्तोर्नो वाटला गेला तेव्हा हे उघड झाले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत आधी हातात होता. श्रमखर्चाचे प्रमाण दर तिमाहीला काढले असते, तर ते ५५ च्या खाली येताच, म्हणजे २०२१ पूर्वीच, नव्या नेमणुका सभासदत्वाच्या अटीने करता आल्या असत्या. आकडा ताळेबंदात छापणे आणि तो सभासदांना सांगणे या दोन गोष्टी आहेत. कायदा पहिली करवून घेतो, दुसरी नाही. २०१८ पासून इटलीत सहकारी संस्थेचा कारभार एकट्या व्यवस्थापकाकडे देता येत नाही, किमान तिघांचे मंडळ लागते. इथे मंडळ पाच जणांचे होते. पाचही जण यंत्रावरचे कसबी होते आणि ताळेबंद त्यांनी हिशेबनीसावर सोडला होता.

दुसरे, नमुना पोटनियम. पाच वर्षांचा विशेष वर्ग २००३ पासून संहितेत होता आणि २०१३ साली एक परिच्छेद घातला असता, तर दहा वर्षांनी नोटरीच्या तारखेसाठी धावाधाव झाली नसती.

तिसऱ्याबद्दल मी ठाम नाही. जूनची बैठक घेण्याआधीच वकिलाला बोलवायला हवे होते, असे अध्यक्ष आज म्हणतात. पण तो भागाकार आधी कागदावर आला नसता, तर कलम २५१४ चा अर्थ त्या खोलीत कोणाला इतका नेमका कळला असता का, याची मला शंका आहे. रिस्तोर्नोबद्दल मात्र शंका नाही. चांगल्या वर्षांत तो नियमाने दिला असता, तर गंगाजळी १६-१७ लाखांवर राहिली असती आणि सप्टेंबरातली कटुता निम्मी झाली असती.

सात विशेष सभासदांची मुदत ३० सप्टेंबर २०२८ ला संपते. त्याच वर्षाच्या आसपास आणखी सहा संस्थापक निवृत्त होतील. हिशेबनीसाने नवा तक्ता केला आहे आणि तो उपाहारगृहात, कॉफीयंत्राच्या वर लावलेला आहे.